गाईडमध्ये न मावलेला संप

विकलेलं गाईड परत घेत नाही, हे मी तिला सांगून झालं होतं. तरी ती काउंटरसमोरून हलेना. मे महिना, गिरगावातलं माझं अरुंद दुकान, डोक्यावर गरम हवा फेकणारा पंखा आणि तिच्या मागे ताटकळलेली गिऱ्हाइकं. माझा आवाज चढायला एवढं पुरतं.

"काका, मला पैसे नकोत," ती म्हणाली. "हे लिहिलं कोणी, तेवढं सांगा."

मी कव्हरवर बोट ठेवलं. तिथे स्वच्छ छापलं होतं, 'अनुभवी प्राध्यापकांचे पॅनल'.

"मग या पॅनलमधल्या कोणीतरी पुस्तक वाचलंय का?"

ज्यांनी कधी गाईड विकत घेतलं नाही, अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. गाईड म्हणजे पाठ्यपुस्तकाचा सारांश, पात्रांची माहिती आणि परीक्षेत येऊ शकणाऱ्या प्रश्नांची तयार उत्तरं. मी बीएच्या इंग्रजी विषयाची गाईडं छापतो. माझं शिक्षण दहावी. दादरच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकत सुरुवात केली, आज स्वतःचं दुकान आहे. पॅनल म्हणजे एकच माणूस असतो. त्याला नाव नको असतं, एकरकमी मानधन हवं असतं. बहुतेक वेळा तो त्याच्या कॉलेजात गाईडविरुद्ध सगळ्यांत मोठ्याने बोलणारा असतो.

माझ्या पॅनलला आपण देवस्थळी सर म्हणू. दादर-माटुंग्याच्या कॉलेजात इंग्रजीचे विभागप्रमुख. त्यांच्या साहित्य महोत्सवाला बक्षिसांची पुस्तकं एकदा मी दिली होती, फुकट. समारंभाला गेलो तर स्टेजवर मला खुर्ची नव्हती. "गाईडवाला स्टेजवर बरा दिसणार नाही" असं सरांनीच सांगितल्याचं नंतर कळलं. तेव्हा माझ्या प्रेसमध्ये त्यांचंच मॅटर छापलं जात होतं. मी विसरलो नाही, विसरणारही नाही.

मुलीचं नाव मयुरी, देवस्थळी सरांच्याच कॉलेजातली. परळच्या चाळीतली, घर मूळ मालवणचं, आजोबा गिरणीत होते. तिची अडचण अशी. शेवटच्या वर्षाला एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबरीचा पेपर होता. त्यात एका गिरणीगावावरची जाडजूड कादंबरी नेमलेली. नाव सांगत नाही, अजून अभ्यासक्रमात आहे. प्रश्न आला, 'कादंबरीतल्या गिरणीचा ऱ्हास कशामुळे होतो?' सगळ्या वर्गाने लिहिलं, आगीमुळे. मयुरीने लिहिलं, मालकाने मजुरी कापली, कामगारांनी संप केला, मालकाने बाहेरगावचे कामगार आणले, त्यात गिरणी बसली, आग लागली ती नंतर, बंद गिरणीला. तिला शून्य मिळालं. त्या शून्यामुळे पेपर गेला आणि केटी लागली, म्हणजे तेवढाच विषय पुढच्या वेळी परत द्यायचा. बीएडची प्रवेश परीक्षा ती पास झाली होती, पण केटी असताना प्रवेश कोण देणार? वर्ष फुकट.

ती सरांना भेटली होती. कॉलेज ऑटोनॉमस आहे, म्हणजे शिकवणारा, पेपर काढणारा आणि तपासणारा एकच. सर तिला म्हणाले, "हा लालबागचा संप नाही, इंग्लिश नॉव्हेल आहे. आजोबांच्या गोष्टी घरी सांगायच्या." वर म्हणाले, कुठलंही गाईड उघडून बघ. म्हणून ती माझ्याकडे आली होती.

तिने पिशवीतून कादंबरी काढून काउंटरवर आपटली. लायब्ररीची प्रत, उशीएवढी. शेजारी तिच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स ठेवली. "तुम्हीच बघा," म्हणाली.

मी इंग्रजी हळू वाचतो, पण वाचतो. इतकी वर्षं प्रस्तावनांची प्रुफं तपासून त्या शतकाची मला थोडी ओळख आहे. प्राध्यापक त्या कादंबरीकारांबद्दल देवळात उभं राहिल्यासारखे बोलतात. प्रत्यक्षात ती मोठी माणसं पक्की धंदेवाली होती. कादंबरी दर महिन्याला हप्त्याने काढायची, हप्ता अशा जागी तोडायचा की गिऱ्हाईक पुढचा अंक घ्यायला आलंच पाहिजे. पुस्तक करायचं तर तीन खंडांत, म्हणजे भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्ररीला एकच कादंबरी एका वेळी तीन घरांत फिरवता यायची. जाडी आली ती अशी. मला हा हिशेब कळतो, म्हणून ती माणसं मला आवडतात.

संपाचा भाग चांगला शंभरेक पानांचा निघाला. गेटसमोर उभे राहिलेले लोक, गहाण टाकलेली भांडी, रोज खिडकीतून बघणारा मालक. गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली तरी मी वाचतच होतो. माझा बाप गिरणीत होता. आमच्या लालबागच्या खोलीतून एकेक भांडं कसं गेलं ते मी पाहिलंय, त्यामुळे लेखक थापा मारत नाही हे मला कळत होतं. मग मी माझं गाईड उघडलं. त्यात संपावर एक ओळ नव्हती. गिरणी चौदाव्या प्रकरणात दिवा पडून जळते आणि मालकाच्या मुलीचं लग्न होतं.

मी मयुरीची झेरॉक्सही वाचली, सावकाश, परत एकदा. मग म्हटलं, "दोन दिवसांनी ये."

"पॅनलला भेटणार?"

"भेटतो. पॅनलची जरा तब्येत बघायची आहे."

दुसऱ्या दिवशी मी सरांना नव्या आवृत्तीचं निमित्त सांगून दुकानात बोलावलं. सर दुकान बंद व्हायच्या सुमारास येतात, आजूबाजूला बघून आत शिरतात. मी सरळ विचारलं की संप कुठे गेला. त्यांनी आधी मला दहावी पासाने साहित्यात पडू नये असं सुचवलं. मी मूळ पुस्तक पुढे सरकवलं. ते त्यांनी उघडलं नाही, नुसतं जाडीकडे बघितलं. त्या बघण्यावरूनच मी ओळखलं की ही भेट पहिलीच आहे. खोदून विचारल्यावर निघालं ते असं, सरांनी गाईड लिहिलं ते शाळकरी मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीवरून. चित्रं असलेल्या. त्या आवृत्तीवाल्यांनी प्रेमकथा ठेवली, संप कापला, आणि गिरणी बंद पडायला काहीतरी कारण हवं म्हणून आग पुढे ओढली. सर वर्गातही तेच शिकवत आले होते.

"तुम्हीच म्हणालात, आठ फर्म्यांच्या वर जायचं नाही," सर म्हणाले. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी सोळा पानं. छपाईचा खर्च फर्म्यावर ठरतो.

"फर्मे मी ठरवले. गिरणी का बुडाली ते मी ठरवलं नव्हतं."

"दळवी, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"मी धंद्याचं बोलतोय. तुम्ही पोरीला शून्य दिलंत, ते माझ्या मालावर दिलंत."

मग मी माझा भाव सांगितला. तिचा पेपर परत तपासायचा. सर म्हणाले, निकाल लागल्यावर तसं करता येत नाही. मी म्हटलं, येतं, त्यासाठी अर्ज असतो आणि तो तिने केलेला आहे. सर म्हणाले, लोकांना काय वाटेल. इथे मी गल्ल्याखालून नव्या कव्हरचा नमुना काढला. त्यावर 'अनुभवी प्राध्यापकांचे पॅनल' नव्हतं. सरांचं पूर्ण नाव, पद आणि कॉलेजच्या वेबसाइटवरून घेतलेला हसरा फोटो होता. त्या वर्षी सरांनी कॉलेजात 'गाईडमुक्त वर्ग' अशी मोहीम काढली होती. प्राचार्यपदाची खुर्ची त्यांना दिसू लागली होती.

सरांनी कव्हर उलटं करून ठेवलं. मग त्यांनी साहित्याचा आधार घेतला. म्हणाले, त्या शतकात थोर लेखिकासुद्धा पुरुषाच्या नावाने लिहायच्या, टोपणनावाला मोठी परंपरा आहे.

"त्या बायकांनी नाव लपवलं, कारण त्याशिवाय त्यांचं कोणी गंभीरपणे वाचलं नसतं," मी म्हटलं. "तुम्ही लपवता, कारण तुम्ही काही वाचलं नाही."

जाताना सर कबूल झाले. ठरल्या दिवशी मयुरी आली ती आनंदात नव्हती. सरांनी तिला बोलावून सांगितलं होतं की पास होण्यापुरते ग्रेस मार्क देतो, विषय संपव. ती त्यांना नाही म्हणून आली होती.

मी तिच्यावर भडकलो. म्हटलं, बीएडची सीट जातेय, आणि तू मार्क कुठल्या खात्यातून आले ते बघत बसलीस? मिळतंय ते खिशात घालावं, भांडण मग करावं. आख्खं आयुष्य मी असंच केलंय.

"काका, ग्रेस म्हणजे मी चूक लिहिलं आणि त्यांनी दया केली," ती म्हणाली. "मी चूक नाही लिहिलं."

"वर्ष गेलं तर?"

"जाऊ दे. उद्या मी शिक्षिका होणार. माझ्या वर्गातल्या पोराला मी काय सांगू, खरं लिहिलंस तर माफी मिळेल म्हणून?"

माझ्याशी घासाघीस करून दुकानातून जिंकून जाणारं माणूस विरळ. हिने तर घासाघीस केलीच नाही. तिचा भाव एकच होता आणि ती खाली येणार नव्हती. अशा गिऱ्हाइकापुढे काही चालत नाही. मी शर्ट बदलला आणि कॉलेज गाठलं.

स्टाफरूममध्ये सहा-सात प्राध्यापक चहा पीत होते. मी दारातूनच, जरा मोठ्याने म्हणालो, "सर, कव्हरचं फायनल करायचं होतं." सर इतक्या चपळाईने उठले की कपातला चहा बशीत आला. मला कोपराला धरून जिन्याकडे घेऊन गेले.

पुढचा सौदा जिन्यात झाला. अशा ठिकाणी मी कांदे-बटाट्यांचा भाव केलाय, कागदाचा केलाय, मार्कांचा पहिल्यांदाच केला. पंधरा मार्कांचा प्रश्न होता. सर सातावर अडले. मी चौदा म्हटलं. सर म्हणाले, इंग्लिश थोडं कच्चं आहे. मी म्हटलं, इंग्लिश कच्चं आहे पण पुस्तक वाचलेलं आहे, तुमचं बरोबर उलटं. नऊ. तेरा. वरून कोणीतरी उतरत होतं, तेवढा वेळ आम्ही हवामानावर बोललो. मग अकरावर सौदा ठरला. मी अट घातली की ग्रेस हा शब्द कुठेही येणार नाही, 'उत्तर मूळ संहितेला धरून आहे' असा शेरा येईल आणि खाली सही येईल. सर म्हणाले, शेरा कशाला. मी पिशवीतलं कव्हर थोडं वर काढलं. सर शेऱ्याला तयार झाले.

आठवड्याभरात सुधारलेला निकाल आला. मयुरी पास झाली. बीएडला प्रवेशही मिळाला. पेढे घेऊन आली, तेव्हा तिने एवढंच विचारलं की सरांनी पुस्तक परत वाचलं का. मी म्हटलं, त्यांनी विषय गांभीर्याने घेतला. ते काही खोटं नव्हतं.

नव्या आवृत्तीसाठी मी सरांकडे संपाचं प्रकरण मागितलं होतं. एक फर्मा वाढवायचीही तयारी दाखवली होती. मॅटर चक्क वेळेआधी आलं. चांगलं होतं. मजुरी, गेट, बाहेरचे कामगार, बंद गिरणीची आग, सगळं नीट क्रमाने. दुसऱ्या पानावर मी थांबलो, कारण ही वाक्यं मी आधी वाचली होती. परत तपासायला म्हणून घेतलेल्या मयुरीच्या उत्तरपत्रिकेतून सरांनी प्रकरण उतरवलं होतं. इंग्लिश तेवढं पक्कं केलं होतं. उशीएवढी कादंबरी उघडायची वेळ त्यांच्यावर अजूनही आली नव्हती.

मी फोन केला. म्हटलं, सर, आजवर तुम्ही दिलेल्या मॅटरमधलं हे सगळ्यांत उत्तम. सर खुलले. म्हणाले, "हो, थोडं खोलात शिरावं लागलं."

त्या प्रकरणाचं मानधन मी मयुरीला पाठवलं. सरांचा विचारणा करायला फोन आला, तेव्हा सांगितलं की ज्याने लिहिलं त्याला दिलं. त्यांनी फोन ठेवला. पुढच्या वर्षी सर प्राचार्य झाले. गाईडमुक्त वर्गाची मोहीम चालू आहे आणि माझं गाईडही चालू आहे.

इतक्या वर्षांत मला एवढं समजलं आहे की एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी कादंबरी शिकवायची असेल, तिचा पेपर काढायचा असेल किंवा तिच्यावर गाईड लिहायचं असेल, तर ती वाचावी लागत नाही. फक्त नापास व्हायचं असेल तर वाचावी लागते.