आईची बंद झालेली गोळी

आमच्या घरात रक्तदाबाच्या गोळीशी खेळ चालत नाही. आता बरं वाटतंय म्हणून बाबांनी स्वतःच्या मनानं गोळी सोडली आणि थोड्याच दिवसांत अर्धांगवायूच्या झटक्यानं ते गेले. तेव्हापासून आई सकाळी देवाला फूल वाहते, रक्तदाबाच्या आपल्या दोन गोळ्या घेते, आणि मगच चहा.

आई धवलारीण, लग्नविधींची गाणी म्हणणारी. आमच्याकडच्या लग्नांत तिनं धवले म्हटल्याशिवाय हळद पुढे सरकत नाही, आणि ती ते उभ्यानंच म्हणते. अंगानं चांगली भरलेली, आवाजही तसाच. गेल्या वर्षी साखर फारच वाढली, तेव्हा अलिबागच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. भूक कमी झाली, वजन उतरत गेलं. ब्लाउज आत घेऊन घेऊन शिवणवाली वैतागली. मी खुशीत होते. मग आईला उठताना भोवंडायला लागलं.

आमच्या गावात जाड बाईला चक्कर आली म्हणजे बीपी वाढलं, दुसरं काही असूच शकत नाही. शेजारणींनी तिचं मीठ तोडलं. सुके बोंबील ताटातून गेले. एका हळदीत ती धवला अर्धा टाकून मटकन खाली बसली, आणि पुढच्या लग्नाचं बोलावणं दुसऱ्याच बाईला गेलं. त्या दिवशी आई जेवली नाही. माझा नुसता संताप होत होता, कोणावर ते मलाही कळेना.

शेवटी मी तिला अलिबागला नेलं. डॉक्टरांनी तिचा दाब आधी झोपवून मोजला, मग उभं करून. उभ्यानं आकडा धाडकन खाली आला. वजन उतरलंय, शिवाय या इंजेक्शननंही दाब थोडा उतरतो, ते म्हणाले. दोन गोळ्या आता जास्त होतायत. एक बंद करा, दुसरी चालू ठेवा, रोज मोजा.

परतताना रिक्षात आईनं एवढंच विचारलं, "तुझ्या बापालापन बरंच वाटत व्हतं ना?"

त्यांनी मनानं सोडली होती, तुझी डॉक्टरांनी बंद केलीय, असं मी तिला समजावलं. मला स्वतःला मात्र ते पटता पटत नव्हतं. कामाला निघाले की मांडव्याच्या लाँचमधून तिला फोन करून आकडा विचारायचे, पलीकडे उतरल्यावर पुन्हा. एकदा वैतागून तिनं फोनच उचलला नाही. परतीच्या लाँचमध्ये मी सगळा वेळ उभी होते, जणू त्यानं लाँच लवकर पोचणार होती.

अशात भाचीचं लग्न आलं. घरच्यांनी आईला न सांगता दुसरी धवलारीणही बोलावून ठेवली. ती मांडवात दिसली तेव्हा आईला सगळं समजलं.

हळद लागायची वेळ झाली. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे आई आधी पाय खाली सोडून खुर्चीत बसून राहिली, मग मांडवाचा खांब धरून सावकाश उठली. मी मागे, तिच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. धवल्यातला एक शब्दही माझ्या कानात शिरत नव्हता, मी तिच्या पावलांकडे बघत होते. मध्येच ती थांबली. दुसरी बाई सावरून बसली. मी पदर आणखी आवळला.

आई श्वास घेत होती. मान न वळवता ती हळूच म्हणाली, "सोड आता. उभी हाय मी."

आणि तिनं पुढचं कडवं उचललं. मी पदर सोडला. रिकामा हात कुठे ठेवावा, ते मला समजेना.