शेवटच्या पानावर जोडलेले हात

तमाम मराठी वाचकांना कळविण्यास अत्यंत दुःख होते, की आपल्या कथांमधला विचार करणारा माणूस शेवटच्या पानावर पुन्हा एकदा हात जोडून उभा राहिला आहे. तरी सर्वांनी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहावे.

मी मात्र राहणार नाही. कथेत कुणी तर्काने बोलू लागला की त्याचं पुढचं सगळं मला पाठ असतं. चष्मा असणार. हसणार नाही. मग घरात कुणीतरी आजारी पडणार, डॉक्टर मान हलवणार आणि हा गडी ढसाढसा रडत देवळाची पायरी गाठणार. टाळ्या! जणू डोळ्यांत पाणी आलं की डोकं चालायचं बंदच होतं.

राग नुसता वाङ्मयीन असता तर एव्हाना निवला असता. पण नव्वदच्या दशकात एका लेखकाने हे माझ्याच बायकोचं केलं.

ती कोल्हापुरात एका कॉलेजात अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवायची. चष्मा आहे, कबूल. पण हसली की शेजारची भांडी वाजतात. त्या वर्षी माझी आई आजारी पडली. सारखी चक्कर, मधूनच शुद्ध हरपायची. मी गळा काढून मोकळा झालो. बायको मात्र वही घेऊन उशाशी बसली. चक्कर कधी येते, त्याआधी काय खाल्लं, कुठली गोळी घेतली, सगळं लिहीत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांपुढे दोन पाकिटं ठेवली. दोन डॉक्टरांनी दिलेली, नावं वेगळी, आत औषध एकच. आई दुप्पट गोळ्या खात होती! एक पाकीट बंद झालं आणि आई उठून बसली.

बरी झाल्यावर तिने जोतिबाला जायचं काढलं. "आईंना जायचंय, एवढं कारण पुरे," म्हणत बायको सोबत गेली आणि गुलालाने माखून परतली. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या त्या लेखकांनी तो गुलाल खिडकीतून पाहिला.

दिवाळी अंकात कथा आली. तर्कशास्त्राची प्राध्यापिका, आजारी सासू, हताश डॉक्टर. शेवटच्या पानावर बाई देवळाभोवती लोटांगण घालतायत. गोळ्यांच्या पाकिटांवर एक ओळ नाही! गुलाल दिसला म्हणून लोटांगण. माझ्या बायकोच्या पेपरात असं उत्तर लिहिणारा सरळ नापास झाला असता.

जूनमध्ये अकरावीचे प्रवेश सुरू झाले, तोवर कथेतली बाई कोण हे गावभर झालं होतं. आदल्या वर्षी तर्कशास्त्राला बावीस मुलं होती, यंदा सहा. दहा झाली नाहीत तर विषय बंद, असं प्राचार्यांनी बजावलं. एका मुलीने तर तोंडावर विचारलं, "मॅडम, तुमीच तर्क सोडला म्हटल्यावर आमी ह्यो विषय कशाला घिऊ?"

त्या दिवसापासून बायकोचं हसणं थांबलं. हळूहळू ती त्या कथेतल्या बाईसारखीच दिसायला लागली. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी तडक लेखकांच्या दारात गेलो.

"अहो, ललित आहे ते," लेखक गोड हसले. "शेवटी बुद्धीला मर्यादा असतातच ना?"

"असतात की! आमची ही पहिल्याच तासाला त्या शिकवते. तुमच्या तुम्हाला ठाऊक आहेत का?"

त्यांनी चहा मागवला. मी तो न पिता उठलो, यावरून माझा संताप ओळखावा.

त्याच आठवड्यात कथेला बक्षीस मिळालं. सत्काराला अध्यक्ष कोण, तर आमच्या हिचेच प्राचार्य! मी आरशासमोर उभा राहून घणाघाती भाषण बसवलं. बायको यायला तयार नव्हती, म्हणून आईला घेऊन गेलो.

सत्काराला उत्तर देताना लेखक गहिवरले. "ती माऊली फरशीवर लोटांगण घालताना मी या डोळ्यांनी पाहिली, आणि बुद्धीचा माझा अहंकार गळून पडला." प्राचार्यांनी मान डोलावली. मी उठलो, घसा खाकरला, हात उंचावला. पण तोंड उघडायच्या आत शेजारून आई उभी राहिली आणि अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशी कडाडली:

"अवो पावणं, लोटांगण म्या घातलंय! माझी सून तितं पायरीवर बसून पोरांचं पेपर तपासत हुती की!"