भाऊसाहेबांच्या गाडीचा पंप

स्पेअर पार्टच्या दुकानात माल वेळेवर येत नाही, किस्से मात्र न मागवता येतात. आणि परतही करता येत नाहीत! यवतमाळात इतकी वर्षं काउंटरमागे बसून माझ्याकडे तेवढाच स्टॉक जमलाय.

त्या वर्षांत कापसाची पार वाट लागली होती, बाजारात शुकशुकाट. जे गिऱ्हाईक यायचं, ते जुन्या इंजेक्शनच्या गाडीचा फ्युएल पंप शोधत, टाकीतलं पेट्रोल इंजिनात ढकलणारा. कंपन्यांनी ते पंप बनवणं कधीच बंद केलेलं. मग दुसऱ्या कुठल्या गाडीचा जुळतो का, ते बघत बसायचं. खरं सांगतो, जीव विटला होता.

त्यात भाऊसाहेब रोज हजर! त्यांची कापसातली सरकी काढायची जिनिंग मिल बंद पडली, मशिनरी विकली गेली. उरली ती हौसेनं घेतलेली परदेशी गाडी. पुण्यातल्या मुलानं तिलाही नागपूरचं गिऱ्हाईक शोधलं होतं. त्या गिऱ्हाइकाची एकच अट, "चालू असेल तरच घेतो." आणि गाडीचा पंपच गेलेला.

"आला का माह्या गाडीचा पंप?" असं विचारून भाऊसाहेब स्टुलावर बसायचे. नाही म्हटलं की निवांत चहा प्यायचे.

*

एकदा बोरीअरबहून फोन आला. "पंप पाह्यजे."

"गाडी कोणती?"

"पांढरी हाय."

"अहो, मॉडेल कोणतं?"

"ते नाई पाह्यलं बा. सासऱ्यानं देल्ली!"

*

तेव्हापासून नियम केला, जुना पार्ट आणल्याशिवाय बोलायचंच नाही. तर बाभुळगावचे एक गुरुजी अख्खी पेट्रोलची टाकीच घेऊन आले! त्यांच्या गाडीत पंप टाकीच्या आत असतो ना. एसटीतून कंडक्टरनं उतरवलं, म्हणून कापसाच्या टेम्पोत टाकी ठेवून आले. कापसात पेट्रोलची टाकी! मी कपाळावर हात मारला.

"गुरुजी, पंप काढून आणायचा होता."

"काढता आला असता तं तुमच्याकडं कायले आलो असतो?"

*

केळापूरकडच्या एका मेकॅनिकनं इंजेक्शनच्या गाडीला कार्बोरेटरवाल्या गाडीचा पंप बसवला. त्याचं प्रेशर कमी. चढ आला की गाडी मान टाकायची. मालक भांडायला गेला.

मेकॅनिक म्हणाला, "उभी असली की कशी मस्त चालते! तुमी पळवता काहून?"

*

भाऊसाहेबांसाठी नागपूरहून एक पंप मागवला, 'सेम टू सेम' म्हणून. शेजारच्या गॅरेजच्या रहीमभाईंनी तो बसवला. या गाडीत पंप टाकीबाहेर, नळीत बसतो; पेट्रोल कुठल्या बाजूला जातं ते दाखवणारा त्याच्यावरचा बाण पुसला गेला होता, त्यामुळे बसला उलटा. चावी फिरवली तर टाकीत नुसते बुडबुडे!

रहीमभाई टाकीला कान लावून म्हणाले, "सेठ, इंजन भूका हाय, टाकीच पिऊन राह्यली!"

भाऊसाहेब पोट धरून हसले. मला मात्र रडू यायचं बाकी होतं.

*

शेवटी एका टॅक्सीचा पंप जुळला. प्रेशर तेच, जाडी तीच, फक्त वायरीचा सॉकेट कापावा लागला. बंद जिनिंगच्या आवारात रहीमभाईंनी तो बसवला आणि गाडी पहिल्याच चावीत सुरू झाली. मुलगा पुण्याहून आलाच होता. त्यानं लगेच फोन लावला, "चालू झाली, या!" आणि गिऱ्हाइकाची वाट बघत गेटवर जाऊन उभा राहिला.

भाऊसाहेब स्टिअरिंगवर बसले. जिथं कापसाच्या गंज्या लागायच्या, त्या मोकळ्या मैदानाला त्यांनी सावकाश एक चक्कर मारली. गाडी शेडमध्ये आणून बंद केली आणि काच खाली घेतली.

"रहीम, पंप बसवाले लय येळ लागला. काढाले किती लागते?"