कापलेल्या केळीची उंची

दोन धर्मग्राम, म्हणजे दोन चर्चची कुटुंबे, एकत्र करण्याचे ठरले, तेव्हा नव्या धर्मग्रामाला नवे बोधचिन्ह हवे, हेही ओघानेच आले. जळगावचे आमचे चर्च मोठे. वरणगावच्या बाजूचे दुसरे अगदी लहान, पत्र्याच्या छपराचे. ते बंद होऊन तिथली कुटुंबे रविवारच्या मिस्सेसाठी, म्हणजे उपासनेसाठी, आमच्याकडे येणार होती. चिन्हाचे काम फादरांनी माझ्यावर सोपवले. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले आणि निवृत्तीनंतर न विचारता अर्थ सांगण्याची सवय मला जडली, एवढीच माझी पात्रता. याला एकदाचा पोटभर अर्थ सांगू द्यावा, असाही विचार त्यामागे असावा.

मी प्रार्थनापूर्वक आरंभ केला. पिंप्राळ्याच्या घरातले जेवणाचे टेबल महिनाभर कागदांनी व्यापले. पहिल्या आराखड्यात क्रूस, कमळ, समई, कबुतर, दोन नद्यांचा संगम, गव्हाची लोंबी आणि सर्वांना वेढणारा माझाच एक श्लोकार्ध होता. सोबत अकरा पानांचे विवरण. ताट मांडीवर घेऊन जेवणारी पत्नी म्हणाली, की या वर्तुळात देवापुरती जागा काही उरलेली दिसत नाही. फादरांनी तो आराखडा दाखल्यांवरच्या रबरी शिक्क्याएवढा लहान करून आणला. माझी सारी विद्या त्यात एकवटून चिरडलेल्या ढेकणासारखी दिसत होती. फादर सभ्य गृहस्थ. आपण कागद उलटा तर धरला नाही ना, एवढेच त्यांनी विचारले.

विनम्र होण्याची ही उत्तम संधी होती. मी तिच्यातूनही अभिमानाकडे जाणारी वाट शोधून काढली. आता प्रतिमा एकच घ्यायची, आणि ती आपल्या मातीतली: केळ. घड उतरला की मूळ झाडाचे आयुष्य संपते, पण त्याच्या बुंध्याशी पील, म्हणजे नवा कोंब, उभे असते आणि त्याच्यावर पुढची बाग धरली जाते. मरण आणि पुनरुत्थान एकाच मुळाशी नांदताना पाहून मी स्वतःवरच प्रसन्न झालो. जमिनीलगत सपाट कापलेले खोड काढले, शेजारी ताठ पील, आणि पिलाच्या पानांतून उमटणारा क्रूस.

चित्र दाखवायला फादर मला त्या लहान चर्चमध्ये घेऊन गेले. तिथली झाडलोट कित्येक वर्षे करत आलेल्या अक्का पुढच्याच बाकावर बसल्या होत्या. त्यांचे सारे आयुष्य केळीच्या बागांत मजुरी करण्यात गेलेले. पाहुण्यासारखे तुमच्या चर्चमध्ये येऊन बसण्यापेक्षा मी घरीच जपमाळ करीन, असे त्यांनी फादरांना आधीच सांगून ठेवले होते, आणि त्या न आल्या तर त्यांच्या वस्तीतले कोणीच येणार नव्हते. वाटेत फादरांनी हे मला दोनदा ऐकवले होते. तरीही मी विवरणाला हात घातलाच. पील म्हणजे आपला नवा धर्मग्राम, असे सांगून थांबलो.

"मंग हे कापेल खोड म्हंजे आम्ही?" अक्कांनी विचारले.

मी संस्कृतात आधार शोधला. देहाची नश्वरता आठवली, बीज आणि वृक्ष आठवले. शेवटी त्याग असा एक शब्द माझ्या तोंडून निघाला. त्याग दर वेळी पत्र्याच्याच चर्चला कसा सापडतो, असे मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. फादरही हसले, ते मला लागले.

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी चित्र हातात घेऊन दूर धरले, जवळ धरले.

"नाना, तुम्ही केळी खाल्ली, बाग नाही पाह्यली. घड काढल्यावर खोड असं बुडापासून नाही कापत. उभं ठेवतात. त्याच्यातलं पाणी पिलाले जातं, तवा पील जोर धरतं. तुम्ही त पिलाले उपाशी मारलं."

सत्तरी ओलांडलेला मी जन्मापासून केळीच्या मुलखात राहिलो, आणि माझ्या पुनरुत्थानाला एक साधा शेतमजूरही पास करणार नव्हता. मी नम्रपणे खोडरबर मागितले. खोड किती उंच ठेवतात, असे विचारल्यावर अक्का उभ्या राहिल्या आणि त्यांनी छातीशी हात आडवा धरला. मी बाकावर कागद ठेवून रेघा वर नेल्या. खोड आता पिलाहून उंच झाले आणि क्रूस त्याच्या आड निम्मा झाकला गेला. हे सांगणे मला भाग होते.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "पील वाढीन."

फादरांनी ते चित्र तसेच कायम केले. पुढच्या रविवारी ती सगळी कुटुंबे आली. इतकी वर्षे मी बसत आलो त्या पहिल्या बाकावर अक्का कोणाला न विचारता जाऊन बसल्या, आणि मी तीन बाक मागे सरकलो. तिथून वेदी चांगली दिसते. प्रवचन मात्र माझ्या म्हाताऱ्या कानांना नीट ऐकू येत नाही, त्यामुळे मिस्सेनंतर फादरांना गाठून त्यांच्या अर्थात दुरुस्ती सुचवण्याची माझी सोय गेली आहे. फादर अलीकडे फार प्रसन्न दिसतात.