मागचे पाय

शाळेत त्यांना सगळे कर्कटक म्हणत. तोंडावर ‘सर’, पाठ फिरली की कर्कटक. भूमिती शिकवायचे, अंगाने काटकुळे, आणि बोलणं असं की टोचल्याशिवाय राहायचं नाही. नाव कोणत्या वर्गाने ठेवलं ते आता कोणाला आठवत नाही, पण ज्या कार्ट्याने ठेवलं त्याची नजर चांगली होती यात शंका नाही. सरांनाही ते ठाऊक होतं. एकदा एका मुलाची आई ऑफिसात येऊन भाबडेपणाने विचारू लागली, “कर्कटक सर कुठे बसतात हो?” तेव्हा शेजारी उभे असलेले सर म्हणाले, “या, मीच तो.” बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

शाळा खासगी, नावाजलेली, फी ऐकून पालकांचे डोळे पांढरे व्हावेत अशी. वर्ष संपताना तिथे सगळं साग्रसंगीत चालायचं. बक्षिसं वाटली जायची, वर्गावर्गाचे फोटो निघायचे, शाळा सोडून जाणारी मुलं एकमेकांच्या पांढऱ्या शर्टांवर पेनाने सह्या करायची आणि घरोघरी आया कपाळाला हात लावायच्या. पण मुलं खरी वाट बघायची ती शिक्षकांच्या नाटुकल्याची. शेवटच्या दिवशी शिक्षकांनी जाणाऱ्या वर्गाला हसवून निरोप द्यायचा, ही शाळेची जुनी रीत. नाटुकलं दरवर्षी तेच. एक लबाड व्यापारी एका भोळ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात आपला घोडा मारायला बघतो. घोडा म्हणजे तपकिरी कापडाची खोळ. पुढे घोड्याचं डोकं घालून एक शिक्षक उभा, आणि मागे त्याची कंबर धरून, वाकून दुसरा. पुढचे पाय चालायला लागले की मागचे फतकल मारून बसणार, पुढचे थांबले की मागचे नाचणार. गोष्ट म्हणावी अशी काही नाहीच. तरी पोरं हसून हसून खुर्च्यांखाली जायची.

खोळीत कोण आहे हे कधी सांगायचं नाही, असा शिक्षकांचा नियम होता. पुढचा माणूस मुलं आवाजावरून ओळखायची. मागचे पाय मात्र कोणाचे, ते वर्षानुवर्षं कोडंच राहिलं. संशय ऑफिसातल्या गोलमटोल हेडक्लार्कवर होता. तेही बिचारे ना हो म्हणत ना नाही, फुकटचं कौतुक कोण सोडणार? कर्कटक सरांकडे तर कोणी बोटही दाखवलं नसतं. असला पोरखेळ त्यांना खपत नाही, त्या वेळी ते स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसतात, हे शाळेत सर्वांना पक्कं माहीत होतं. पक्कं असणारच, कारण कपाळावर आठ्या घालून ती बातमी पसरवायचे ते स्वतः सरच. मागचे पाय त्यांचे होते.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी ते त्या खोळीत शिरले होते. मागचे पाय करणारे मास्तर ऐन वेळी तापाने फणफणले, आणि नवखा म्हणून सरांना पुढे ढकलण्यात आलं. पुढे चित्रकला शिकवणारे सर होते, शाळेतले सगळ्यांत गमत्ये. “माझी कंबर सोडू नका, बाकी काय वाटेल ते करा,” एवढंच त्यांनी शिकवलं. आत अंधार, घामाचा आणि जुन्या कापडाचा वास, खाली फक्त रंगमंचाच्या फळ्या. सर गोंधळले आणि भलत्याच वेळी खाली बसले. बाहेर हशाचा डोंगर कोसळला. सर चमकले. वर्षभर त्यांच्या तासाला वर्गात माशी उडाली तरी ऐकू यायची, आणि तीच ही पोरं! मग ते पुन्हा बसले, या वेळी मुद्दाम.

त्यानंतर तीसेक वर्षं त्यांनी ती जागा कोणाला दिली नाही. खोळीतून दिसायचं काहीच नाही, ऐकू मात्र सगळं यायचं. हळूहळू ते हसण्यावरून मुलं ओळखू लागले. हा कुकरच्या शिट्टीसारखा हसणारा म्हणजे शेवटच्या बाकावरचा, ही आधी गप्प राहून मग एकदम फुटणारी म्हणजे परवा फळ्यापाशी रडलेली. वर्गात त्यांना प्रेम दाखवता यायचं नाही, तशी त्यांची घडणच नव्हती. तोंड उघडलं की टोमणाच बाहेर पडायचा, आणि पडल्यावर त्यांनाच वाईट वाटायचं. वर्षातला हा एक दिवस त्यांच्या सगळ्या वर्षाची भरपाई होता.

घरी आले की त्यांची कंबर धरलेली असायची. बायको शेकायची पिशवी घेऊन तयारच. “पोरांना वर्षभर रडवायचं आणि एक दिवस हसवायचं,” ती म्हणायची. “कसला हा तुमचा न्याय?”

“एक दिवस तरी आहे ना,” सर उशीत तोंड खुपसून म्हणायचे.

नियमाला एकच अपवाद होता. निवृत्त होणाऱ्याने शेवटच्या वर्षी रंगमंचावर, सर्वांसमोर खोळ काढायची, जोडीदाराने हवं तर काढावी. तीन वर्षांपूर्वी चित्रकला सरांनी घोड्याचं डोकं काढलं तेव्हा शिट्ट्यांनी छप्पर उडायची वेळ आली, पोरांनी त्यांना खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. पण ते पोरांचे लाडके. यंदा पाळी कर्कटक सरांची होती, आणि इथेच घोडं अडलं.

शेवटच्या दिवसाआधीच्या रविवारी चित्रकला सर चहाला आले. सरांनी थोडा वेळ इकडचं तिकडचं काढलं आणि मग म्हणाले, “मी यंदा खोळीतूनच विंगेत जाईन म्हणतो. तिथेच काढीन.”

“का रे? लाज वाटते?”

“लाज नाही. तुझं डोकं बाहेर आलं तेव्हा शिट्ट्या पडल्या. माझं आलं की हॉल गार पडेल. ते एक असो. पण आपण इतकं हसलो ते ह्याला, असं पोरांना कळलं, तर दुधात मिठाचा खडा पडेल रे. झालेलं हसूसुद्धा नासेल.”

आतून बायको हात पुसत बाहेर आली.

“मी सांगू तुम्हाला कसली भीती वाटते ती? आपण पोरांना आवडत नाही, हे तोंडावर कळेल, ह्याची. बाकी सगळी मखलाशी.”

सरांच्या हातातलं बिस्कीट चहात बुडालं, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

“नका काढू मग,” बायको म्हणाली. आवाज आता खाली आला होता. “कोणी बळजबरी केलीय? पण काढली असती तर काय झालं असतं, हे नंतर जन्मभर मला विचारत बसायचं नाही.”

शेवटच्या दिवशी हॉल खचाखच भरला. पूर्वी लाकडी बाकं होती, आता मऊ खुर्च्या आल्या. पडदा आता बटणावर उघडतो, पूर्वी तो दर वर्षी एकदा तरी अर्ध्यात अडकायचा आणि पोरं त्यालाही टाळ्या वाजवायची. सरांना त्या बाकांची आठवण झाली, त्यांवर बसून गेलेल्या वर्गांचीही झाली. पुढचे पाय आता संगीताच्या बाईंचे होते. खोळीत शिरताना त्यांनी विचारलं, “सर, काढायची ना शेवटी?”

“तुम्ही तुमचं डोकं काढा. माझं मी बघतो.”

नाटुकलं कधी नव्हे इतकं रंगलं. सर बसले, नाचले, एकदा तर पुढच्या पायांना ओढत उलटे विंगेकडे निघाले. शेवटी बाईंनी घोड्याचं डोकं काढलं, टाळ्या घेतल्या, आणि म्हणाल्या, “आणि आमचे हे मागचे पाय यंदा निवृत्त होतायत!”

हॉलमध्ये एकच गलका झाला. “हेडक्लार्क! हेडक्लार्क!” पोरं खुर्च्या बडवत ओरडू लागली. सर खोळीत वाकलेलेच होते. विंग जवळच होती, ते तिकडे वळलेसुद्धा. पण बाहेर पोरं अजून हसत होती, आणि सरांच्या मनात आलं, की इतकी वर्षं हे हसू आपण ऐकलं, पाहिलं एकदाही नाही. हसताना ही पोरं दिसतात कशी? आज नाही बघितलं तर मग कधी बघणार? त्यांनी खोळ डोक्यावरून ओढून काढली आणि ताठ उभे राहिले.

हसू तिथल्या तिथे थांबलं. सरांना धड दिसत नव्हतं, कारण आत वाफ धरते म्हणून चष्मा बाईंच्या खिशात दिलेला. समोर नुसते रंगांचे डाग. मग एक खुर्ची करकरली, दुसरी करकरली, आणि बघता बघता सगळ्या हॉलभर खुर्च्यांचा आवाज झाला. उठले, सरांना वाटलं. चालली पोरं. बायको म्हणाली तेच खरं. काय करावं ते न सुचून त्यांच्या तोंडून सवयीचा शब्द निघून गेला.

“बसा.”

म्हणाले, आणि मग त्यांना उमगलं. पोरं कुठेही चालली नव्हती. सर वर्गात आले की उभं राहायचं, हे त्यांनीच पोरांच्या हाडीमासी भिनवलेलं, आणि सर दिसताच सगळा हॉल उभा राहिला होता. पण कोणीही बसलं नाही.

“बसा म्हणतोय ना?”

“नाही सर,” पुढच्या रांगेतून एका मुलीचा थरथरता आवाज आला. “आज नाही बसणार.”

सरांचं ऐकलं नाही, असं त्या शाळेत पहिल्यांदाच घडत होतं. ते आपल्यालाच जमलंय हे कळल्यावर पोरं क्षणभर दचकली, आणि मग असं हसू फुटलं, अशा टाळ्या पडल्या, की व्यापारी झालेले शिक्षकही हातातला लगाम टाकून टाळ्या पिटू लागले.

“बाई,” सर हळूच म्हणाले, “माझा चष्मा द्या हो जरा.”

चष्मा पुसायला त्यांना वेळ लागला. पोरं उभीच होती, हसत होती, काही रडतही होती. सरांनी चष्मा लावला आणि पहिल्या रांगेपासून एकेक चेहरा बघायला घेतला. कोणालाही घाई नव्हती.