संत्र्याच्या बागेतला पांढरा पक्षी

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळही नाही. आज तुमच्याजवळ का बोलते आहे — खरंच, मला माहीत नाही.

सत्तरच्या दशकातला उन्हाळा. सोनेगावच्या तलावाकडे तेव्हा वस्ती विरळ होती. आमचं घर विणकरांचं. मागे संत्र्याची बाग, बागेत विहीर, विहिरीला लागून पाण्याचं टाकं. मी नवी सून, पहिल्यांदाच दिवस गेलेले. सासूबाईंनी बजावून ठेवलं होतं — भर दुपारी विहिरीकडे फिरकायचं नाही.

मोठी जाऊ कमल. मी तिला ताई म्हणायची. आदल्या वर्षी तिचं तान्हं बाळ तापात गेलं होतं. त्यानंतर काही दिवस तिला बाळाचं रडणं ऐकू यायचं. पुढे ते थांबलं — पण घरच्यांच्या मनातून गेलं नाही. दूध नासलं असं ती म्हणाली तरी सगळे आधी एकमेकांकडे बघायचे.

त्या दुपारी सासूबाईंचा डोळा लागला आणि आम्ही दोघी मागच्या दाराने निघालो. नुसतं हिंडायला. टाक्याजवळ सावलीत टेकलो, तोच ताईने माझं मनगट घट्ट धरलं.

"सुमन, हलू नको वं."

समोरच्या फांदीवर एक पक्षी होता. पांढरा — पण बगळ्यासारखा नव्हे. त्या पांढऱ्यात उजेड होता. डोकं काळं, निळसर चमकणारं, त्यावर तुरा. आणि शेपूट! मागावर ताणलेल्या रेशमाच्या दोन लांब फिती जणू, अंगापेक्षा कितीतरी लांब, वारा नसतानाही हलणाऱ्या. तो फांदीवरून सुटला, टाक्यातल्या पाण्याला छातीने शिवला आणि वर आला. पुन्हा सुटला. पुन्हा. दर वेळी त्या फिती पाण्यावर रेघ ओढत जायच्या, थेंब उडायचे, आणि आम्ही श्वास रोखून बसलेलो. असं काही या जगात, आपल्या घरामागे, असू शकतं? माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ताई हसत होती. बाळ गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलंच नव्हतं.

मग तो झाडांत शिरला आणि दिसेनासा झाला.

संध्याकाळी ताईला राहवलं नाही. सगळे जेवायला बसलेले असताना तिने सांगून टाकलं, हातांनी शेपटीची लांबी दाखवत. माझं नाव मात्र तिने घेतलं नाही — मला मनाई होती ना. जेवणारे हात थांबले. सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पुन्हा सुरू झालं हिचं."

ताईने माझ्याकडे पाहिलं.

"सुमन, तू होती का हिच्यासंगं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही जी. मी तं झोपली होती."

भीतीने बोलले, असं म्हणता येईल. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगत आले. पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे — तीच सांगायला मला इतका वेळ लागतो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरले दीर, ताईचे यजमान, मला अंगणात एकटीला गाठून म्हणाले, "सुमन, तू गेली असशीन तं सांग. आईले मी काही सांगत नाही. मले फक्त समजलं पाहिजे, कमलले खरंच दिसलं का." त्यांचे डोळे लाल होते. रात्रभर झोपले नसावेत. एवढा मायेचा माणूस, असा विनवत उभा. तिथे मला कसली भीती होती? कसलीच नव्हती. आदल्या रात्री खोटं बोलले हे कबूल करायची लाज — बस, तेवढंच.

"नाही, भाऊजी," मी म्हटलं.

ते मान खाली घालून गेले. आठवडाभरात त्यांनी ताईला उमरेडला माहेरी पोचवलं, "आराम पडेल" म्हणून. तिथे तिला कोणाकोणाला दाखवलं, कसले कसले अंगारे लावले. दिवाळी झाल्यावर ती परत आली. तोवर माझी मुलगी झाली होती. ताईने तिला मांडीवर घेतलं आणि मला एका शब्दाने विचारलं नाही. माझं नावही तिने कधी कोणाला सांगितलं नाही. एवढं मोठं मन माणसात कुठून येतं? त्या पक्ष्याने मला जितकं थक्क केलं, त्याहून जास्त तिच्या गप्प राहण्याने केलं.

ताई आता नाही. ती होती तोवर, त्या साऱ्या वर्षांत कधीही मी बोलू शकले असते.

माझी मुलगी बोलायला लागली तेव्हा दिवसभर ताईला ओढत न्यायची — मोठी आई, ते पाहा, मोर पाहा, चंद्र पाहा. ताई पाहायची. मग माझ्याकडे वळायची आणि पोरीला हळूच म्हणायची, "तुह्या आईले विचार बरं, आहे का तिथं."