माझ्या ओळी, भलत्याचं नाव

आमच्या तंजावुरात मराठीचा एक मोठा उपयोग आहे: चारचौघांत बोलावं आणि चारचौघांना कळू नये. साडीच्या दुकानात विकणाऱ्यासमोरच "ह्याचा रंग जाणार, ऊठ" म्हणायचं, बसमध्ये शेजारणीच्या दागिन्यांवर तोंडसुख घ्यायचं, कोणी मान वर करत नाही. राजवाड्यामागच्या गल्लीतली आमची चार घरं सोडली तर ही भाषा कळणार कोणाला? ही सवय हाडीमाशी खिळलेली. तिनंच परवा माझी लाज काढली.

मी इथल्या एका कॉलेजात भूभौतिकी शिकवते. पृथ्वीच्या पोटातला खडक कोट्यवधी वर्षांत कसा हळूहळू वाहतो, ते संगणकावर मांडणारी एक प्रणाली आहे. ती कोणा एकाच्या मालकीची नाही. तुम्ही प्रोग्रामच्या ओळी लिहून पाठवायच्या, जगभरच्या जाणत्यांनी त्या तपासायच्या, पसंत पडल्या तर त्या सगळ्यांसाठी खुल्या. थंड, जड खडक खाली बुडायला लागला की ही प्रणाली मध्येच बंद पडायची. त्यावरचा उपाय मी शोधला. "इथं बदला, तिथं चाचणी जोडा" करत त्या लोकांनी मला वर्षभर नाचवलं आणि मीही निमूट नाचले. का नाही नाचणार? कॉलेजात मी अजून कंत्राटावर आहे. कायम होण्याच्या मुलाखतीत 'तुमचं स्वतःचं काम दाखवा' म्हणतात, आणि दाखवण्यासारखं माझ्याकडे हे एकच होतं.

नवी आवृत्ती जाहीर करण्याची ऑनलाइन बैठक संध्याकाळी होती. मी लॅपटॉपसमोर, अम्मा शेजारी कॉफी घेऊन. पडद्यावर नव्या सुधारणा एकेक करून यायला लागल्या. माझी आली. आणि तिच्यापुढे नाव भलत्याचंच!

अय्यय्यो! डोळे चोळून पुन्हा वाचलं, तेच. युरोपातला कोणी संशोधक. तिथं बरेच जण टोपणनावानं वावरतात, तसा हाही. कॅमेरा कायम बंद, इंग्रजी अगदी तिकडचं. तो कोण, कुठला, मला काय ठाऊक!

"काय झालं गे?" अम्मानं विचारलं.

"काय व्हायचंय! वर्षभर रक्त मी आटवलं आणि ह्या मेल्यानं आपलं नाव लावलं. चोर, नुसता चोर! आणि बाकीचे बसलेत नंदीबैलासारखे माना डोलावत."

"दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाल्लं?" अम्मा तापली की थांबत नाही. "माती पडो त्याच्या तोंडात. आईनं हेच शिकवलं काय त्याला?"

बैठक एकदम चिडीचूप झाली. आणि त्या शांततेत, स्वच्छ कोल्हापूरकडच्या मराठीत, एक आवाज आला: "ताई, तुमचा माईक चालू आहे. आणि तो चोर मी आहे."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. अम्मानं तोंडाला पदर लावला. लॅपटॉपमधून मराठी ऐकू येईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं, माझ्याही नव्हतं.

मग तो इंग्रजीत सगळ्यांना म्हणाला, "ह्या बाई आत्ता आमच्या भाषेत मला चोर म्हणाल्या. बरोबर म्हणाल्या." माझ्या ओळी नव्या आवृत्तीत बसेनात, म्हणून त्यानं त्या उचलून आपल्या प्रतीत घातल्या आणि तिथून पाठवल्या होत्या. पाठवणाऱ्याचं नाव आपोआप लागतं. "विसरलो म्हणणं सोपं आहे," तो म्हणाला. "खरं तर नाव कोणाचं लागलंय, ते मी बघितलंच नाही. ते काम कोणाचं आहे, हे मला माहीत होतं."

बैठक चालवणाऱ्या वयस्कर बाई घाईघाईनं म्हणाल्या, "फार वाईट झालं. पुढच्या आवृत्तीत नक्की दुरुस्त करू."

पुढची आवृत्ती वर्षानं. माझी मुलाखत सोमवारी!

"नाही," मी म्हटलं. आवाज फाटला माझा. एवढ्या बैठका झाल्या, मी कधी तोंड उघडलं नव्हतं. "आज. आत्ता. माझं नाव दिसेपर्यंत मी उठणार नाही."

बाईंनी त्याला लगेच बदलायला सांगितलं; कीबोर्डचा टकटक आवाज यायला लागला. सगळे थांबले. त्यानं माझं नाव टाकलं, मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मराठीत एवढंच म्हणाला, "ताई, माफ करा." मी नुसती मान हलवली.

बैठक संपली. मला हसावं की रडावं कळेना. अम्मा मात्र हसत नव्हती. ती पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होती. तिथं, सगळ्यांना निरोप लिहायच्या चौकटीत, माझंच एक इंग्रजी वाक्य पडून होतं. तोंडानं अम्माजवळ त्याला शिव्या देत असताना बोटांनी ते सवयीनं लिहिलं होतं: 'सर्वांचं अभिनंदन, फार सुंदर काम.' फक्त पाठवायचं राहिलं होतं.

अम्मानं ते दोनदा वाचलं.

"त्या पोराला चोर म्हणालीस," ती म्हणाली. "तू तर आपलं काम त्याला स्वतःच्या हातानं द्यायला निघाली होतीस गे."